नरसिंगराव मास्तरांचे तेरा ढीग

वाकोडीत कुणाच्या घरी काही मोठं झालं, की नरसिंगराव मास्तर ते लहान करून ठेवत. यात त्यांचा दोष नव्हता. कुणाला भुताची बाधा असते, कुणाला तमाशाची. मास्तरांना गुणोत्तराची होती. माणिकराव पटेलांनी एकदा तीस हात लांब आणि अठरा हात रुंद असा गुरांचा कोठा बांधला आणि मोठ्या कौतुकानं मास्तरांना दाखवायला नेला. मास्तरांनी कोठा पाहिला, डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, "म्हणजे पाचास तीन." पटेल घरी येऊन बायकोला म्हणाले, "येवढा कोठा बांधला अन् त्या मानसानं त्याचं खुराडं करून टाकलं."

वाकोडी म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यातलं, बेल्याकडचं, पैनगंगेच्या अलीकडच्या काठाचं गाव. काळी जमीन, कापूस, ज्वारी. निम्मं गाव मराठी बोले, निम्मं तेलुगू, आणि भांडताना दोन्ही. या गावात मास्तर आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. ते स्वतः शिकले उर्दूत. त्या वेळी गुणोत्तराला 'निस्बत' म्हणत. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, संस्थान हिंदुस्थानात सामील झालं, मुलांना आपापल्या भाषेत शिकवा असा हुकूम आला, आणि मास्तरांच्या फळ्यावर निस्बतीच्या जागी 'गुणोत्तर' आलं. मास्तरांना त्याचं काहीच वाटलं नाही. ते म्हणत, राज्य बदललं तरी बारास आठ म्हणजे तीनास दोनच. निजामाला ते बदलता आलं नाही, आणि दिल्लीलाही येणार नाही.

त्यांची शिकवण्याची पद्धत साऱ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. बारा चिंचोके आणि आठ सरक्या जमिनीवर ओतायच्या. पोरांनी त्यांचे सारखे ढीग करायचे, जितके होतील तितके. चार ढीग होत. प्रत्येकात तीन चिंचोके, दोन सरक्या. मग मास्तर छडी उंच धरून मंत्र म्हणत: "आता ढीग किती, ते विसरा. एका ढिगात काय, तेवढं सांगा." पोरं ओरडत, "तीनास दोन!" मास्तरांच्या चेहऱ्यावर अशा वेळी जे समाधान दिसे, ते गावातल्या देवळाच्या पुजाऱ्यालाही कधी लाभलं नव्हतं.

हे घरातही चाले. लग्नात मास्तर चोवीस वर्षांचे होते आणि सुभद्राबाई सोळा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोला सांगितलं, की आज आपलं तीनास दोन आहे, पण वर्षं जातील तसतसं ते एकास एकच्या जवळ जवळ सरकत जाईल. सुभद्राबाईंनी विचारलं, म्हणजे मी कधी तुमच्याएवढी होईन? मास्तर म्हणाले, कधीच नाही, पण फरक कळेनासा होईल. सुभद्राबाईंना आयुष्यात ऐकायला मिळालेलं सगळ्यात गोड बोलणं हेच, आणि तेही गणिताच्या कृपेनं.

पण एक भांडण मात्र कायमचं होतं. सुभद्राबाई कळण्याच्या भाकरीचं दळण करायच्या. आठ मापं ज्वारी, दोन मापं उडीद. मास्तर ओसरीवरून म्हणत, "चारास एक."

"मंग चारच मापं दळू का? घरी पावने हायेत."

"आठच दळ. पण गुणोत्तर चारास एक."

"आठ दळाचे तं आठच म्हना ना," असं म्हणून सुभद्राबाई जात्यावर बसत. मास्तर हसत. बायकामाणसांना संक्षेपाचं सौंदर्य कळत नाही, असं त्यांचं मत होतं. हे मत त्यांना पुढे फार महाग पडलं.

छप्पन्न साली राज्यांची फेररचना झाली. पैनगंगेच्या पलीकडचे लोक मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेले. आमच्याच जिल्ह्यातलं किनवट, राजुराही तिकडे गेलं, आणि आम्ही आंध्रात. एके दिवशी झोपेतून उठलो आणि पाहिलं तर नदी तिथंच, पण किनवट-राजुऱ्याचे सोयरे परराज्यातले. वाकोडीला या सगळ्याचं फारसं सुखदुःख नव्हतं. एकच काळजी होती, शाळेची. शाळा एकच, पण वर्ग दोन. मराठी वर्ग नरसिंगराव मास्तरांचा, तेलुगू वर्ग राजलिंगम पंतुलूंचा. दोघंही एकाच निंबाखाली शिकवायचे आणि एकाच तपकिरीच्या डबीतून तपकीर ओढायचे. नवा नियम असा आला, की जिथं मराठी पोरं चाळीस किंवा अधिक असतील, तिथं मराठी वर्ग राहील. नसतील तर पोरं तेलुगूत बसतील.

पटेलांनी मास्तरांना विचारलं. मास्तर म्हणाले, काही चिंता नाही, बावन्न आहेत. पटेल निर्धास्त झाले. चाळीसची वेस ओलांडून बारा पोरं पलीकडे उभी होती.

पण मास्तरांचा आनंद वेगळाच होता. मराठी पोरं बावन्न, तेलुगू एकोणचाळीस. जूनमध्ये नावं दाखल झाली त्याच दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की दोन्हींना तेरानं भाग जातो. आता दोनानं, पाचानं भाग कुणालाही दिसतो. तेरा हा लपून बसणारा आकडा. तेर त्रिक एकोणचाळीस, तेर चोक बावन्न. चारास तीन! कुणाला विहीर खणताना मोहरांचा हंडा लागावा, तसं मास्तरांना झालं. त्यांनी ते पंतुलूंना सांगितलं, पटेलांना सांगितलं, सुभद्राबाईंना दोनदा सांगितलं. पण त्यांना स्वतःहून कुणी ते विचारलं नव्हतं. हिऱ्याची अंगठी बोटात आहे आणि समोरच्याचं लक्षच बोटाकडे जात नाही, अशी त्यांची अवस्था झाली होती.

मग इन्स्पेक्टर साहेब आले. न कळवता, जीपमधून, दुसऱ्या वेचणीच्या ऐन भरात.

वेचणीत आमच्याकडच्या शाळा कशा असतात, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. बोंडं फुटली की घरात पाळण्यातलं मूल सोडून कुणी राहत नाही. पोरं आयांबरोबर रानात जातात, कमरेला ओटी बांधून कापूस वेचतात, आणि शाळेत येतात ती आलटून पालटून, वेचणीतून सुटतील तशी. त्या दिवशी निंबाखाली सात-आठ पोरं होती. राजलिंगम पंतुलू बहिणीच्या घरच्या बारशाला गेले होते, म्हणून दोन्ही वर्गांची पोरं मास्तरांनीच एका रांगेत बसवली होती.

साहेब समुद्राकडच्या जिल्ह्यांतले. मराठी नाही, हिंदी जेमतेम. माणूस भला दिसला. त्यांनी फळा पाहिला, माठातलं पाणी प्यायलं आणि जीपकडे वळता वळता विचारलं, "मराठी बच्चे, तेलुगु बच्चे, क्या प्रपोर्शन है?"

प्रपोर्शन! मास्तरांच्या कानात सनई वाजली. नोकरीत लागल्यापासून असा प्रश्न विचारणारा पहिला माणूस भेटला होता, आणि तो साहेब होता. बावन्न आणि एकोणचाळीस असं कुणीही सांगितलं असतं. पटेलांनी सांगितलं असतं, शाळेच्या चपराशानं सांगितलं असतं. मास्तरांनी छाती पुढे काढली आणि म्हणाले, "चार और तीन, साहब."

साहेबांनी रांगेतल्या सात-आठ पोरांकडे नजर टाकली. मान हलवली.

"हाँ, दिख रहा है," ते म्हणाले. खिशातून डायरी काढून काहीतरी टिपलं, "छोटा स्कूल है, पर साफ है," असं कौतुक केलं आणि गेले.

मास्तर त्या दिवशी घरी जवळजवळ उड्या मारत गेले. सुभद्राबाईंना म्हणाले, काय नजर आहे साहेबांची! मी चारास तीन म्हणताच म्हणाले, दिसतंय. एका नजरेत गुणोत्तर ओळखणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. सुभद्राबाईंनी फक्त एवढंच विचारलं, की बावन्न सांगितलं ना? मास्तर म्हणाले, त्याची गरजच पडली नाही.

संक्रांत झाली आणि हुकूम आला. वाकोडी येथील मराठी वर्गात चारच विद्यार्थी असल्यामुळे तो वर्ग बंद. विद्यार्थ्यांनी तेलुगू वर्गात बसावं.

हुकूम पटेलांच्या ओसरीवर वाचला गेला. वाचणारे मास्तरच. 'चारच' या शब्दाशी ते थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शब्द तोच होता. गावाला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा सगळं गाव एकदम बोलायला लागलं. चौथीतली पोरं, जी बाजारहाटीचे हिशेब आणि पलीकडच्या मामाला पत्रं लिहीत होती, ती आता पहिलीच्या पाटीवर बसणार होती. धोंडीबाचा स्वभाव मुळात शांत, तो कोपऱ्यातून म्हणाला, "चार तं माह्या एकट्याच्या घरचे होतात, मास्तर. बाकीच्या गावानं काय केलं मंग?"

लोक हसले. मास्तरांनी ते ढीग, तेरा, संक्षेप वगैरे समजावून सांगायचा प्रयत्न केला. लोकांनी मन लावून ऐकलं. शेवटी पटेल म्हणाले, "म्हंजे पोट्टे बावन्नच हायेत, पर तुमी त्यायले भागून टाकलं. काऊन भागलं? कोनं म्हटलं होतं?"

मास्तर हुकुमाच्या कागदाची घडी घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी पटेलांनी दमणी जुंपली आणि मास्तरांना घेऊन आदिलाबादेला निघाले. इन्स्पेक्टर साहेबांची तोवर बदली झाली होती. कचेरीत भेटले ते म्हातारे सरिश्तेदार, म्हणजे हेडकारकून, निजामाच्या वेळचे, राज्य बदललं तरी खुर्ची न बदललेले. त्यांनी दोघांना बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग मास्तरांकडे वळले. "मास्टरसाब, एकीच बात बताओ. चार-तीन, ये निस्बत गलत है क्या?"

मास्तर म्हणाले, "गलत नहीं है."

"फिर?"

"पर साहब, ढीग तेरा हैं. एका ढिगात..." असं म्हणत मास्तरांनी टेबलावरच्या टाचण्यांचे ढीग करायला सुरुवात केली. सरिश्तेदारांनी टाचण्या हळूच बाजूला ओढून घेतल्या. ते म्हणाले, की मला समजतं, मीही मदरशात निस्बत शिकलो आहे. पण कचेरीचा एक कायदा आहे. जे चुकलेलं असतं, त्याची दुरुस्ती होते. "सही चीज को दुरुस्त कैसा करते? तुम बस गलत बोलो, मैं दुबारा गिनती का हुकूम निकालता."

पटेलांनी मास्तरांना कोपर टोचलं. "म्हना ना, मास्तर. गलत हाय म्हना."

मास्तरांनी तोंड उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. मास्तर पटेलांना हळू आवाजात म्हणाले, "पटेल, बावन्नास एकोणचाळीस म्हणजे चारास तीनच होतं. त्याला गलत कसं म्हणू? उद्या पोरांना काय शिकवू?"

"उद्या पोट्टेच नाई राह्यनार शिकवाले."

तरी मास्तर 'गलत' म्हणाले नाहीत. परतीच्या वाटेवर पटेल बैलांशी बोलत आले, मास्तरांशी नाही.

त्या संध्याकाळी सुभद्राबाईंनी ताट वाढलं. कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी. मास्तर बोटांनी भाकरीचे तुकडे करत राहिले, सगळे सारखे, आणि खाईनात. सुभद्राबाई भाजीचं पातेलं घेऊन समोर बसल्या. मग म्हणाल्या, "आपुन गलत म्हटल्यानं गनित मरते का? ते तं जागच्या जागी राह्यते. पोरायचं मात्र वर्स मरते."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मास्तर एकटेच आदिलाबादेला गेले. सरिश्तेदारांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "गलत है, साहब. मेरा गलत है." तीस वर्षांत कुठल्याही पोराच्या पाठीवर छडी मारताना जेवढं अवघड गेलं नाही, तेवढं ते अवघड गेलं. सरिश्तेदारांनी मान वर केली नाही; लिहीत राहिले. लिहून झालं तेव्हा चपराशाला हाक मारून मास्तरांसाठी चहा मागवला.

मास्तरांनी एवढीच विनंती केली, की मोजणी वेचणी संपल्यावर व्हावी. सरिश्तेदार म्हणाले, माणूस मोकळा होईल तेव्हा येईल. हुकूम एकदा निघाला की तो माझंही ऐकत नाही.

त्यानंतरचे दिवस मास्तरांनी शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं काढले. शाळा सुटली की या रानातून त्या रानात, प्रत्येक मायमाउलीपुढे हात जोडून, पोर उद्या शाळेत पाठवा. बयनाबाईच्या वावरात तिची तीन पोरं ओळीनं वाकून वेचत होती. ती ओटीतला कापूस ढिगावर टाकत म्हणाली, "मास्तर, बोंडं पार फुटून राह्यली. वारा सुटला तं सारा कापूस मातीत जाईन. एकाले पाठवतो, दोघं राहू द्या." तिचं खोटं नव्हतं. समोर शेत दुधासारखं पांढरं होतं. मास्तरांनी खाली पडलेलं एक बोंड उचललं, तिच्या ओटीत टाकलं आणि पुढच्या शेताकडे निघाले. सगळीकडे उत्तर तेच. एकाला पाठवतो.

मोजणीचा माणूस आला तो एका बुधवारी, सायकलवर. नवीन भरती झालेला तरुण कारकून, गोड स्वभावाचा. या वेळी राजलिंगम पंतुलूही हजर होते. पोरं दोन रांगांत बसली. कारकुनानं एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं, उलट्या बाजूनं पुन्हा मोजलं. मराठी वीस. तेलुगू पंधरा. वेचणी भेदभाव करत नाही. दोन्ही रांगांतून तिनं सारख्याच हिशेबानं पोरं नेली होती.

पंतुलूंनी कारकुनाला तेलुगूत समजावलं, की बाकीची पोरं रानात आहेत, ही समोरची पांढरी शेतं पाहा. कारकुनानं शेतांकडे पाहिलं. त्याला खरोखर वाईट वाटलं. तो म्हणाला, माझं काम जेवढे दिसतील तेवढे मोजायचं आहे. शेतातले मी कसे लिहू? मग तो आकड्यांकडे पाहत राहिला आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला. पोरगा गणिताचा शौकीन निघाला.

"वीस, पंधरा... फोर इज टु थ्री! मास्टरगारू, आपका पहिले का एकदम बराबर था. गलत काय को बोले?"

क्षणभर, अगदी क्षणभर, मास्तरांचा चेहरा निजामाच्या राज्यातल्या तरुण मास्तरासारखा झाला. "होय ना?" ते म्हणाले. "बराबर था ना?"

मग त्यांनी रांगेकडे पाहिलं. वीस पोरं मान वर करून बसली होती. कारकून सायकलवर बसून निघून गेला, आणि मास्तर किती तरी वेळ, बरोबर ठरलेल्या माणसाची जी कधी कुणी पाहू नये अशी मुद्रा असते, ती घेऊन निंबाखाली उभे राहिले. पंतुलूंनी तपकिरीची डबी पुढे केली. मास्तरांनी चिमूट घेतली, पण नाकापर्यंत नेली नाही.

वर्ग बंद झाला. पटेल दोनदा कचेरीत जाऊन आले, एकदा मोठ्यानं बोलून, एकदा हात जोडून. सरिश्तेदार म्हणाले, दोन वेळा मोजलं, दोन्ही वेळा निस्बत तीच निघाली; आता मी काय करू? मास्तरांना सांगण्यात आलं, की तेलुगू लिहायला-वाचायला शिकलात तर इथंच राहता येईल.

मास्तर तेलुगू शिकले. पोरं सोडून जायचं नव्हतं, एवढं सगळ्यांना दिसत होतं. दुपारी ती बावन्न पोरं पंतुलूंपुढे पहिलीची पाटी घेऊन बसत, आणि त्यांच्या मागे, मांडी घालून, पाटी घेऊन नरसिंगराव मास्तर. धोंडीबाची थोरली पोर त्यांच्यापेक्षा लवकर शिकली. ती मास्तरांच्या पाटीवरच्या चुका बोटानं पुसायची आणि पंतुलू न पाहिल्यासारखं करायचे. त्या दुपारी रस्त्यानं जाणारी माणसं थांबून पाहायची. काही हसायची. बरीचशी नुसती पाहायची.

दोन वर्षांनी मास्तरांना गणित शिकवायची परवानगी मिळाली. गुणोत्तराला तेलुगूत 'निष्पत्ती' म्हणतात. एकाच गोष्टीचं हे त्यांच्या नोकरीतलं तिसरं नाव. त्यांनी चिंचोके आणि सरक्या ओतल्या, पोरांनी ढीग केले, छडी उंच गेली आणि मास्तर थांबले. मंत्र सगळ्यांना पाठ होता; मोठ्या भावंडांकडून ऐकलेला होता.

मास्तर म्हणाले, "एका ढिगात काय, ते लिहा. आणि ढीग किती होते, ते पाटीच्या कोपऱ्यात लिहा. त्याच्याभोवती गोल काढा. पुसायचं नाही."

तेव्हापासून वाकोडीची पोरं गुणोत्तर सोडवतात तेव्हा कोपऱ्यात एक आकडा लिहून त्याला गोल काढतात. मास्तर निवृत्त झाले, पंतुलू गेले, पण गोल राहिले. बोथहून, मंचेरियलहून नवे शिक्षक आले की चक्रावतात. काही जण अर्धा गुण कापतात. अशाच एका नव्या शिक्षकानं एकदा म्हाताऱ्या मास्तरांना घरी जाऊन विचारलं, की या आकड्याचं काम काय? उत्तरात तर तो कुठेच येत नाही.

मास्तर ओसरीवर बसले होते. शेजारी सुभद्राबाई उडीद निवडत होत्या; दोघांत आता फरक कळेनासा झाला होता.

"उत्तरात त्याचं काही काम नाही," मास्तर म्हणाले. मग सुपातला एक खडा वेचून कडेला टाकला. "तरी असू द्या."